जुनी गाडी मोडीत काढताय? आधी काट्याची पावती, मग सवलत

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून उगवतो. 'पंधरा वर्षांच्या वरच्या गाड्या आता रस्त्यावर आणता येणार नाहीत, लगेच मोडीत काढा, सरकार पैसे देतंय!' पाठोपाठ तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मला फोन येतो. कारण भोसरीच्या एका ऑटो पार्टच्या कारखान्यात मी निवृत्त होईपर्यंत स्टोअर आणि परचेस सांभाळलं, आणि भंगाराचा लिलाव लावणं हे त्यातलंच एक काम. बाकीच्यांना गाडी दिसते, मला किलो दिसतात.

तर आधी तो मेसेज निकालात काढू. पंधरा वर्षांची पेट्रोल आणि दहा वर्षांची डिझेल गाडी चालवायची नाही, ही भानगड दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागाची. ती तिथल्या हवेमुळे हरित लवाद आणि सुप्रीम कोर्टाच्या आदेशांतून आली. इथे पुण्याची एमएच-१२ असो की आमच्या पिंपरी-चिंचवडची एमएच-१४, पंधरा वर्षं झाली की नोंदणीची मुदत संपते, इतकंच. गाडी आरटीओला नेऊन दाखवायची, तपासणीत पास झाली की नोंदणी पाच वर्षांनी वाढते. त्याची फी मात्र सरकारनं चांगलीच चढवली आहे. एप्रिल २०२२ पासून मोटारीला ६०० चे ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या मोटारीला १०,०००. वर पर्यावरण कर, विमा, पीयूसी. बंदी नाही, पण ठेवायची तर पैसे मोजा, असा सरळ इशारा आहे.

'सरकार पैसे देतंय' हेही अर्धंच खरं. आपल्याकडे सरकार तुमच्या हातात रोख ठेवत नाही, नव्या गाडीच्या करात सूट देतं. नवी गाडी घेतलीच नाही तर सरकारकडून काही नाही. मोडीचे पैसे देतं ते भंगार केंद्र, आणि ते लोखंडाचे असतात. हा फरक डोक्यात पक्का बसला की पुढचं सगळं सोपं जातं.

ही योजना मुळात कुणासाठी असते

ही कल्पना काही गडकरींच्या खात्यात जन्मलेली नाही. २००८ च्या मंदीत अमेरिकेतल्या मोटार कंपन्या बुडायला लागल्या. डिसेंबर २००८ मध्ये बुश सरकारनं जनरल मोटर्स आणि क्रायस्लरला १७.४ अब्ज डॉलरची कर्जं दिली. तरी पुरलं नाही. क्रायस्लरनं एप्रिल २००९ च्या अखेरीस आणि जनरल मोटर्सनं १ जून २००९ ला दिवाळखोरी जाहीर केली. जनरल मोटर्समध्ये अमेरिकी सरकार साठ टक्क्यांच्या वर मालक झालं. ते शेअर विकून सरकार बाहेर पडलं डिसेंबर २०१३ मध्ये, आणि करदात्यांचे दहा अब्ज डॉलरहून जास्त गेले ते गेलेच.

नुसती कंपनी वाचवून उपयोग काय, शोरूममध्ये गिऱ्हाईक नको? म्हणून त्याच उन्हाळ्यात दुसरा उपाय काढला. जास्त पेट्रोल पिणारी जुनी गाडी द्या, कमी पिणारी नवी घ्या, ३,५०० किंवा ४,५०० डॉलर सरकार भरतं. पहिले एक अब्ज डॉलर आठवडाभरात संपत आले, मग आणखी दोन अब्ज मंजूर करावे लागले, आणि २४ ऑगस्टला दुकान बंद. तोवर सुमारे पावणेसात लाख गाड्या मोडीत गेल्या. त्या परत रस्त्यावर येऊ नयेत म्हणून इंजिनातलं ऑइल काढून त्यात सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचे आणि इंजिन जाम होईपर्यंत चालवायचे. स्टोअर सांभाळलेल्या बाईला हे वाचून कसं झालं असेल, कल्पना करा. चालू इंजिनं! आणि गंमत म्हणजे या पैशांवर लोकांनी सगळ्यात जास्त घेतलेली गाडी होती टोयोटा कोरोला.

जर्मनीनं त्याच वर्षी नऊ वर्षांहून जुन्या गाडीमागे २,५०० युरो दिले आणि पाच अब्ज युरो संपवले. ब्रिटननं २,००० पौंड दिले, त्यातले निम्मे कंपनीच्या खिशातून. भारतात तेव्हा मोडीची योजना नव्हती. सरकारनं डिसेंबर २००८ मध्ये अबकारी कर चार टक्क्यांनी उतरवला आणि गाड्या स्वस्त केल्या.

हे सगळं सांगण्याचं कारण एकच. या योजना तुमच्या जुन्या गाडीची काळजी म्हणून निघत नाहीत, नवी गाडी खपावी म्हणून निघतात. प्रदूषण कमी होतं हा खरा फायदा आहे, तो मी नाकारत नाही. पण अमेरिकेतल्या अभ्यासकांनी नंतर विक्रीचे आकडे तपासले तेव्हा दिसलं की बऱ्याच लोकांनी पुढे घेतलीच असती ती गाडी काही महिने आधी घेतली, आणि नंतरच्या महिन्यांत विक्री तितकीच खाली आली. तेव्हा 'ऑफर फक्त एकतीस तारखेपर्यंत' असं कुणी म्हणालं की समजावं, घाई त्याला आहे.

आपल्याकडे नक्की काय मिळतं

मोडीत काढण्याचं धोरण १३ ऑगस्ट २०२१ ला जाहीर झालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नोंदणीकृत भंगार केंद्रांचे नियम आले. त्या केंद्रात गाडी दिली की ती जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र मिळतं. सगळ्या सवलती त्या एका कागदावर उभ्या आहेत.

केंद्र सरकारनं राज्यांना खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सूट द्यायला परवानगी दिली. महाराष्ट्रानं २०२५ मध्ये ती १५ टक्के केली. हे १५ टक्के करावर आहेत, गाडीच्या किमतीवर नाहीत. शोरूममधला पोरगा 'पंधरा टक्के ऑफ, मॅडम' म्हणतो तेव्हा हे विसरायचं नाही. सवलतीला जुन्या गाडीचं वय आणि प्रकार यांच्या अटी असतात. स्कूटर मोडून मोटारीवर सूट मिळवायचे मनसुबे असतील तर ते सोडा. आणि नोंदणीची पंधरा वर्षं संपायला सहा महिने राहिले असतील तेव्हाच आरटीओत सध्याची अट विचारून घ्या, उलटून गेल्यावर नको.

दुसरं, नव्या गाडीची नोंदणी फी माफ. मोटारीला ती ६०० रुपये. चौघांची मिसळ आणि ताक होईल.

तिसरं, कंपनीची सूट. ऑगस्ट २०२४ मध्ये मोटार कंपन्यांनी गडकरींबरोबरच्या बैठकीत कबूल केलं की ठेव प्रमाणपत्र आणणाऱ्याला एक्स-शोरूम किमतीच्या दीड टक्का किंवा २०,००० रुपये, यात जे कमी असेल ते देऊ. ही सूट तेव्हा वर्षभरासाठी होती आणि प्रमाणपत्र गेल्या सहा महिन्यांतलं हवं होतं. म्हणून आज तुमच्या कंपनीत काय चालू आहे ते कोटेशनवर लिहून मागा. आणि एक बारीक अक्षर: जुनी गाडी शोरूमला दिल्याचा एक्स्चेंज बोनस आणि मोडीची सूट दोन्ही एकत्र मिळत नाहीत.

आता हिशोब करू. ८ लाख एक्स-शोरूमची पेट्रोल गाडी, तुमच्या वैयक्तिक नावावर. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के कर, म्हणजे ८८,०००. त्याचे १५ टक्के म्हणजे १३,२००. कंपनीची सूट चालू असेल तर दीड टक्का म्हणजे १२,०००. नोंदणी फी ६००. एकूण २५,८००. आता भंगार. आरसीवर गाडीचं रिकामं वजन छापलेलं असतं, ते बघा. लहान हॅचबॅक साडेआठशे किलोच्या आसपास भरते. किलोला २५ रुपये भाव धरला तर २१,२५०. हा भाव लोखंडाच्या बाजाराबरोबर खालीवर होतो, म्हणून २५ हा आकडा माझा समजा, तुमचा तुम्ही काढा. सगळं मिळून ४७,०५०.

हा ४७ हजारांचा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा. चालू गाडीला बाजारात याच्यावर कुणी देत असेल तर मोडीत काढणं म्हणजे घरचे पैसे घालून लोखंड विकणं. त्याच्या खाली मिळत असतील तर बिनधास्त मोडा. आमच्या काकांची वॅगनआर चांगली होती, बाजारात लाखाच्या वर मागणी आली. ते मोडीला निघाले होते, केवळ त्या मेसेजच्या धाकानं.

शोरूममध्ये दोन व्यवहार वेगळे ठेवा

परचेसमध्ये आम्हाला एक सवय लावलेली होती. व्हेंडरला माल घ्यायचा आणि त्यालाच जुना माल विकायचा असेल, तर दोन्ही भाव एका टेबलावर कधी बोलायचे नाहीत. तो एकीकडे हजार वाढवतो आणि दुसरीकडे दोन हजार काढतो, आणि तुम्ही खूश होऊन चहा पाजता.

गाडीचंही तेच. पहिल्या भेटीत जुन्या गाडीचा विषयच काढायचा नाही. नव्या गाडीचा सगळ्यात कमी भाव लेखी घ्यायचा: एक्स-शोरूम किती, सूट किती, कर किती, विमा किती, 'हॅंडलिंग' नावाचं जे काही असतं ते किती आणि ते का. त्यानंतर 'जुनी गाडी पण आहे, काय द्याल?' एक्स्चेंज बोनस लग्नातल्या आहेरासारखा असतो: पाकिटावर नाव एकाचं, पैसे भलत्याचे. एका शोरूमनं माझ्या गाडीला ४०,००० किंमत आणि २५,००० बोनस सांगितला. जुनी गाडी नाही, असं म्हटल्यावर त्याच नव्या गाडीवर आधी ठरलेल्या रोख सुटीपेक्षा १५,००० जास्त निघाले. म्हणजे बोनसमधले पंधरा हजार माझ्याच हक्काचे होते, फक्त दुसऱ्या पाकिटात घातलेले.

कोथरूड, बाणेर, चिंचवड, कुठेही जा, पण एकाच कंपनीच्या किमान दोन शोरूमचे भाव घ्या. विमा त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी उपकरासकट २९ टक्क्यांवरून १८ वर आला आहे. ती कपात सरकारची आहे, तुमच्या सेल्समनची नाही. त्याला 'आमची खास सवलत' म्हणून तीच दुसऱ्यांदा विकू देऊ नका. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरतो, हे मात्र तो खरं सांगत असतो.

मोडायचं ठरलं तर

आधी कागद. इथेच बहुतेक लोक अडतात आणि एजंटच्या हाती जातात.

गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि वडील गेले, ही पुण्यातल्या निम्म्या जुन्या गाड्यांची गोष्ट. पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवलेली, कुणी हलवत नाही, कुणाला विकवत नाही. अशी गाडी थेट केंद्रात दिली जात नाही. आधी वारसाच्या नावावर करून घ्यायची, त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. भावंडांत बोलणं नसेल तर हे एकच काम महिने खाईल, म्हणून इथून सुरुवात करा. माझ्या बहिणीच्या घरी सासऱ्यांच्या फियाटवरून तिन्ही भावांची सही मिळायला दिवाळी उजाडली. गाडीचं मोल सहीच्या स्टॅम्पपेपरपेक्षा थोडंच जास्त होतं, पण तीत बसून तिघंही शाळेत गेले होते.

दुसरं अडणारं म्हणजे कर्जाचा बोजा. दहा वर्षांपूर्वी हप्ते फिटले, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन ते आधी उतरवा. बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर कर्ज खात्याचा जुना नंबर शोधून ठेवा, शाखेतल्या पोरांना नुसत्या नावावर काही सापडत नाही. मग चलनं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकला की फोटोसकट यादी येते. नळ स्टॉपचा सिग्नल आपण कधी तोडला ते तिथे कळतं. भरून मोकळे व्हा.

कागद झाले की परिवहनच्या साइटवर व्ही-स्क्रॅप नावाचा भाग आहे, तिथे अर्ज करून केंद्र निवडायचं. यादीतलंच केंद्र निवडा. टाटा मोटर्सचं रिवायर आणि महिंद्राचं सेरो ही नावं तुम्ही ऐकली असतील, त्यांच्याशिवायही केंद्रं आहेत. दोन-तीन ठिकाणी फोन लावा आणि हे प्रश्न विचारा: भाव वजनावर की गाडी बघून ठोक? टोचन करून नेण्याचा खर्च कुणाचा? बॅटरी, चारही चाकं आणि सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसेल तर किती कापता? पैसे खात्यात कधी?

कन्व्हर्टरबद्दल जरा थांबते. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे महागडे धातू असतात. जुन्या गाडीत किलोमागे सगळ्यात किमती वस्तू तीच. गॅरेजवाला 'सायलेन्सर बदलतो, जुना राहू दे माझ्याकडे' म्हणाला तर गोड बोलून तो डिकीत टाकून घरी आणा. बॅटरीतलं शिसंही वजनाच्या मानानं चांगलं जातं. नवी बॅटरी दोन महिन्यांपूर्वीच टाकली असेल तर काढून विका आणि जुनी लावून द्या, पण भाव ठरण्याआधी, नंतर नाही. चाकं काढून नुसता सांगाडा पाठवला तर कपात एवढी लागते की टायर विकून मिळालेले पैसे तिथेच जातात.

आणि काटा. गाडी त्यांनी आपल्या काट्यावर घेतली तर पावती मागा. जमत असेल तर देण्याआधी जवळच्या वजनकाट्यावरून एक फेरी मारा. चाकणपासून भोसरीपर्यंत रस्त्याकडेला काटे आहेत, थोड्या पैशांत छापील पावती मिळते. पेट्रोलची टाकी किती भरली होती तेही पावतीवर लिहा. मी केंद्राच्या माणसाला माझी पावती दाखवली तेव्हा त्याच्या सुरात फरक पडला, हे मी आनंदानं नोंदवते.

केंद्र तुमची गाडी चोरीच्या नोंदींत आहे का ते तपासतं, मग ठेव प्रमाणपत्र देतं. गाडी खरोखर तुटल्यावर दुसरं, मोडीत काढल्याचं प्रमाणपत्र. चेसिस नंबरचा तुकडा ते कापून वेगळा ठेवतात. अमेरिकेत इंजिनात द्रावण ओतायचे, आपल्याकडे नंबर कापतात. उद्देश एकच, गाडी दुसऱ्या नावानं परत येऊ नये. ठेव प्रमाणपत्रावर छापलेली मुदत बघून ठेवा, त्या आतच नवी गाडी घ्यायला हवी. नवी घ्यायचीच नसेल तर ते वाया जात नाही, सरकारी कंपनी एमएसटीसीच्या ऑनलाइन बाजारात ते दुसऱ्याला विकता येतं. आमच्या ग्रुपवरच्या कुणालाच हे माहीत नव्हतं.

'एवढं कोण करणार, भंगारवाला दारात येतो की.' येतो, आणि कधीकधी दोन-चार हजार जास्तही देतो. पण तो प्रमाणपत्र देत नाही, आणि कायद्यानं गाडी नष्ट झाली की चौदा दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी मालकाची. कळवलं नाही तर सरकारदरबारी ती गाडी तुमचीच. तुमच्या नंबरची पाटी घेऊन दुसरी कुठली गाडी कुठे काय करते, ते तुम्हाला चलन आल्यावर कळणार. कुदळवाडीतली भंगाराची गोदामं महापालिकेनं २०२५ च्या फेब्रुवारीत जमीनदोस्त केली. तिथे माल दिलेल्यांनी आता चौकशी करायची कुणाकडे?

मोडायचं नाही असं ठरलं तर

विकताना मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, आणि नाव बदललेली आरसी डोळ्यांनी बघेपर्यंत पाठपुरावा. गाडी विकल्याच्या दिवसाची, वेळेची आणि चालवून नेणाऱ्याच्या लायसन्सची प्रत ठेवा. ठेवायची असेल तर १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला ती नवी सुरक्षा नंबरप्लेट लागते, मोटारीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. जी गाडी महिनाभरात मोडायची आहे तिला हे पैसे घालण्याआधी तारखा जुळवून बघा.

बुडणारी कंपनी आणि तुमची नवी गाडी

हे कुणी विचारत नाही, पण जुनी देऊन नवी घेताना विचारायला हवं. माझी गाडी २०१० ची, जनरल मोटर्सची शेवरोले स्पार्क होती, आपल्या तळेगावच्या कारखान्यात तयार झालेली. तो कारखाना सुरू झाला सप्टेंबर २००८ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली त्याच महिन्यात. तिकडे जनरल मोटर्सला सरकारनं वाचवलं, इकडे आम्ही निर्धास्त झालो. गाडीनं मला कधी रस्त्यात उभं केलं नाही. पण वाचलेली कंपनी कुठे राहायचं ते स्वतः ठरवते. २०१७ च्या अखेरीस तिनं भारतातली विक्री थांबवली, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचं उत्पादनही. कामगार कोर्टात गेले. २०२३ मध्ये ह्युंदाईनं कारखाना घ्यायचा करार केला. वाचवण्याचे पैसे अमेरिकी करदात्याचे होते, तेव्हा तळेगावची नोकरी वाचवणं त्यांच्या यादीत असायचं कारणच नव्हतं. फोर्डनं ती कर्जं घेतली नव्हती, तरी २०२१ मध्ये तिनंही इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. म्हणजे सरकारी मदत घेतली की नाही, यावरून इथल्या गिऱ्हाइकाला काही कळत नाही.

एक गोष्ट मात्र अमेरिकेनं शहाणपणाची केली. मार्च २००९ मध्ये सरकारनं जाहीर केलं की या दोन कंपन्यांच्या नव्या गाड्यांच्या वॉरंटीमागे आम्ही उभे आहोत. कारण कंपनी मरणार म्हटलं की गिऱ्हाईक तिची गाडी घेत नाही, आणि घेत नाही म्हणूनच ती मरते. आपल्याकडे असं कुणी उभं राहणार नाही, तेव्हा बघायचं ते आपणच. त्या मॉडेलच्या किती गाड्या रोज रस्त्यात दिसतात? पार्ट नाना पेठेत, भोसरीत मिळतात की फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये? त्याच इंजिनाची दुसरी गाडी बाजारात आहे का? आमच्या धंद्यातल्या लोकांना आणखी एक खूण माहीत असते: कंपनी नव्या मॉडेलसाठी व्हेंडरना साचे बनवायला सांगते आहे का. साच्यांचे पैसे थांबले की आम्हाला वर्षभर आधी कळायचं. ओळखीत चाकण-भोसरीचा कुणी टूलरूमवाला असेल तर त्याला जेवायला बोलवा.

शेवटची किरकोळ पण पैशांची कामं

गाडी गेली की लोक विम्याला विसरतात. पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के नो क्लेम बोनस साचलेला असतो, आणि तो गाडीचा नाही, तुमचा असतो. विमा कंपनीला मोडीचं प्रमाणपत्र पाठवून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्या. तीन वर्षांच्या आत नव्या गाडीच्या विम्यात तो वापरता येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता १६,००० असेल तर सरळ ८,००० वाचतात, नोंदणी फीच्या तेरापट. शोरूम हे आपणहून सांगत नाही. फास्टॅग काचेवरून खरवडून काढा, बँकेला कळवून बंद करा, शिल्लक आणि डिपॉझिट मागून घ्या. हप्त्यातून विमा जात असेल तर तो थांबवा. आणि ग्लोव्ह बॉक्स रिकामा करताना जुन्या सर्व्हिसची बिलं फेकू नका, प्रमाणपत्र आणि पैसे दोन्ही हातात येईपर्यंत एका फाइलमध्ये ठेवा.